विद्यापीठाच्या सभेत आपला माणूस कोण?

विद्यापीठाचा कारभार हा शिकल्या-सवरलेल्यांचा विषय. त्यात युनियनच्या माणसाचे काय काम, असे काहींना वाटेल. परंतु प्रतिनिधी कोणाला म्हणावे, हा प्रश्न कारखान्यात आणि विद्यापीठात एकच आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. आरंभी त्याच्या सिनेटवरील फेलो सरकारच नेमी, तेही तहहयात. 1904 साली कर्झनसाहेबांचा कायदा आला. जास्तीत जास्त शंभर नेमस्त फेलोंपैकी दहा जणांना नोंदलेल्या पदवीधरांनी निवडावे असे ठरले. बहुतेक जागा मात्र नेमणुकीच्याच राहिल्या. अशाने विद्यापीठ म्हणजे एक सरकारी खाते होईल, असे बजावून गोखल्यांनी त्याला कसून विरोध केला.

1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाचे बिल चर्चेला आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी खरे दुखणे दाखविले. ज्या समाजात पदवीधरच मूठभर, त्याच्या हाती पदवीधरांच्या मतपेटीतून काय पडणार? म्हणून मागासलेल्या वर्गांना सिनेटवर स्थान राखून ठेवा, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे नुसती निवडणूकही पुरेशी नाही. मतदारांच्या यादीत कोण आहे, हेही पाहावे लागते.

आणि प्रत्यक्ष शिकणारा विद्यार्थी? त्याचा विचार झाला तो फार उशिरा. आपल्या साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांना आम्ही युनियनवाले कामगार कायद्यावरील त्यांच्या निकालांमुळे ओळखतो. विद्यापीठांच्या कारभाराविषयी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. कारभारात विद्यार्थ्यांच्या सहभागाचा प्रश्न या समितीने 1971 च्या अहवालात विचारात घेतला.

पुढे 1994 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या. परीक्षेत जो वर आला, तो वर्गाचा प्रतिनिधी! निवडणुकांतील मारामाऱ्यांना लोक विटले होते, हे खरे. पण सर्वांत जास्त माल काढणाऱ्या कामगाराला मालकाने युनियनचा पुढारी ठरवावे, तसाच हा न्याय झाला. तो कामगार गुणी असेल; पण त्याला जाब विचारण्याचा हक्क इतरांना कोठून येणार?

2016 च्या कायद्याने खुली निवडणूक पुन्हा आणली. अधिसभेत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना स्थान दिले. पदवीधरांच्या दहा जागांपैकी पाच महिला व मागास प्रवर्गांसाठी राखल्या. आंबेडकरांचे म्हणणे एवढ्या वर्षांनी कायद्यात उतरले. परंतु 2019 साली विद्यार्थ्यांच्या निवडणुकांचे वेळापत्रक लागले आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या.

पाटणची मुले 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षांना बसतात. त्यांची फी भरताना आपण खिशात हात घालतो, तर अधिसभेत त्यांच्या बाजूने कोण बोलतो हेही विचारले पाहिजे. आपल्या घरात पदवीधर असेल, तर त्याचे नाव मतदारयादीत आहे काय, ते आज रात्रीच विचारा. आमच्या धंद्यात पहिला नियम हाच आहे: आधी रजिस्टरात नाव, मग मागणी.