मोडीने वाट सोडली, नस्तालीकने वाट पाहिली

आमच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मुले शाळेत उर्दू शिकतात, घरी उर्दू बोलतात, पण ग्रुपवर उर्दू लिहायची वेळ आली की इंग्रजी अक्षरांत लिहितात. एकदा मी वर्गात विचारले, "फोनमध्ये उर्दू कीबोर्ड नाही का?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "है सर, मगर आदत नहीं."

उत्तर खरे होते, म्हणून मी रागावलो नाही. मात्र घरी येताना मामूंची आठवण झाली. माझे मामू कातिब होते. उर्दू वर्तमानपत्राचा मजकूर हाताने लिहून देणाऱ्याला कातिब म्हणतात आणि त्या कामाला किताबत. मराठी वाचकांना हे नवल वाटेल, पण १९८० च्या दशकातही आपल्या मुंबईत रोज सकाळी विकली जाणारी उर्दू वर्तमानपत्रे कुणीतरी रात्री बसून बोरूने लिहिलेली असत. मराठी पेपर तोवर शतकभर खिळ्यांवर छापला जात होता. मग उर्दूच मागे का राहिली?

याचे एक ठरलेले उत्तर आपण ऐकत आलो आहोत: मुसलमानांना यंत्राचे वावडे, मौलवींनी छपाईला विरोध केला. इस्तंबूलमध्ये इब्राहिम मुतफर्रिका याला छापखान्याची परवानगी १७२७ मध्ये मिळाली, म्हणजे युरोपच्या बऱ्याच उशिराने, हे खरे आहे. पण ती परवानगी शेखुल इस्लामच्या फतव्यासह मिळाली होती आणि ती धार्मिक नसलेल्या पुस्तकांपुरती होती, हेही तितकेच खरे. शिवाय हिंदुस्थानातल्या उर्दूची गोष्ट वेगळी आहे. इथल्या मुसलमानांनी छपाई हौसेने घेतली. अडचण होती अक्षराची.

उर्दू ज्या वळणात लिहितात त्याला नस्तालीक म्हणतात. हे वळण इराणात जन्मले आणि त्याचा मान परंपरेने मीर अली तबरेझी यांना दिला जातो. अरबी कुराणात दिसते ते नस्ख वळण एका सरळ ओळीवर बसते. नस्तालीकचा शब्द मात्र उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत खाली येतो. पुढचे अक्षर कोणते आहे यावर आधीच्या अक्षराचा आकारही ठरतो आणि उंचीही. 'बे' हे एकच अक्षर शेजारी बदलला की निराळे दिसते. शिशाचा खिळा मात्र चौकोनी तुकडा असतो. एकाशेजारी एक ठेवून सरळ ओळ करायची, एवढेच त्याला कळते. उतरत्या शब्दासाठी किती खिळे पाडणार? कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात नस्तालीकचे खिळे पाडून पुस्तके छापली गेली. पुढे हैदराबाद संस्थानातही तसे प्रयोग झाले. पण हाताच्या लिखाणाशी तुलना केली की वाचकाला ते अक्षर तुटलेले वाटे.

हीच अडचण मराठीलाही आली होती, हे आपण विसरलो आहोत. मराठीची रोजच्या व्यवहाराची लिपी मोडी. हात न उचलता झरझर लिहायची, अक्षर अक्षराला जोडत जाणारी. विल्यम कॅरीने १८१० साली मराठी शब्दकोश छापला, तो मोडी खिळ्यांतच. पण पुढे छपाई बाळबोधीकडे, म्हणजे देवनागरीकडे वळली. त्याला सरकारी शाळाखात्यापासून संस्कृत ग्रंथांपर्यंत अनेक कारणे होती, पण सुटी उभी अक्षरे खिळ्याला सोयीची, हे एक मोठे कारण होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरीचे असे सुंदर खिळे घडवले की ती मराठीची स्वतःची लिपी होऊन गेली. मोडी हळूहळू कचेऱ्यांत उरली, मग शाळेतूनही गेली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरातले लाखो कागद वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधावा लागतो. छपाईसाठी मराठीने दिलेली ही किंमत होती.

उर्दूने ती किंमत द्यायचे नाकारले. त्यासाठी तिला एक मधला रस्ता सापडला होता, शिळाछापाचा. जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास ही रीत शोधली. तेलकट शाईने दगडावर अक्षर उमटवायचे आणि दगड ओला करायचा. छापायची शाई फिरवली की ती ओल्या दगडाला चिकटत नाही, तेलकट अक्षरालाच चिकटते. इथे खिळ्यांची गरजच नाही. जे हाताने लिहाल ते छापले जाते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी छपाईची सुरुवात याच दगडावर केली, पण मराठी लवकरच खिळ्यांकडे गेली. उर्दू दगडावर राहिली आणि सुरुवातीला भरभराटलीही. लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना घातला. कुराणापासून दास्तानांपर्यंत उर्दू, फारसी, अरबीचे केवढे भांडार त्यांनी घरोघर पोहोचवले! एका हिंदू मुन्शीच्या छापखान्यातले कुराण मुसलमान आदराने वाचत होते, हेही या इतिहासातच लिहिलेले आहे.

पण दगडाला मर्यादा होत्या. प्रती छापता छापता अक्षर पुसट होई. नवी आवृत्ती काढायची तर सगळे पुस्तक पुन्हा लिहायचे. वर्तमानपत्रात रात्री उशिरा बातमी आली तर कातिब जागा असला पाहिजे. सर सय्यद अहमद खान यांना हे कळत होते. अलीगढचे त्यांचे पत्र खिळ्यांवर छापले जाई. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले, तेही खिळ्यांवर आणि फोटोंसह. दोघांनी छपाईसाठी नस्तालीकचा आग्रह सोडून पाहिला. वाचकाचा जीव मात्र नस्तालीकमध्येच अडकलेला होता. तिकडे तुर्कस्तानने १९२८ साली लिपीच बदलून टाकली आणि एका पिढीत नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना. उर्दूने तेही केले नाही. ती वाट पाहत राहिली.

ही वाट १९८१ साली संपली. पाकिस्तानातले मिर्झा अहमद जमील मूळचे कलाकार आणि छपाईच्या धंद्यातले. सिंगापूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीचे लेझर यंत्र चिनी अक्षरे जुळवताना पाहिले. चिनीत हजारो चिन्हे असतात. ती या यंत्रात मावतात, तर नस्तालीकचे जोडशब्द का मावणार नाहीत? मग त्यांनी स्वतःच्या हाताने अठरा हजारांच्या आसपास अक्षरजोड लिहून काढले. ते यंत्रात साठवले गेले आणि या वळणाला वडिलांच्या नावावरून 'नूरी नस्तालीक' म्हटले गेले. ऑक्टोबर १९८१ मध्ये 'जंग'ची लाहोर आवृत्ती या अक्षरात निघाली. यंत्राने कातिबाला हरवले असे लोक म्हणतात. खरे तर एका सिद्धहस्त माणसाचे अक्षर यंत्राने पाठ केले होते.

१९९४ मध्ये दिल्लीच्या कंपनीचे 'इनपेज' आले. आता लाखांच्या यंत्राची गरज उरली नाही. साध्या संगणकावर नस्तालीक लिहिता येऊ लागले आणि मामूंचे काम गेले. ज्या दैनिकात ते होते तिथे एक संगणक आला आणि कातिबांना हिशेब करून घरी पाठवले गेले. मामू कडवटपणे बोलले नाहीत. म्हणाले, "लिखावट तो अच्छी है, नुक्ता भी जगह पे है." पुढे बरीच वर्षे ते लग्नाच्या पत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहीत राहिले. बोरू धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवायची सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

इनपेजने छपाईचा प्रश्न सोडवला, पण एक नवा प्रश्न तयार केला. त्यातला मजकूर त्याच्याबाहेर नेला की त्याचा अर्थ लागत नसे. म्हणून उर्दू वर्तमानपत्रे इंटरनेटवर अक्षर म्हणून न चढता चित्र म्हणून चढली. चित्रात शब्द शोधता येत नाही. वर्षानुवर्षांचा मजकूर डोळ्यांना दिसत होता, शोधयंत्राला मात्र नाही.

त्याच सुमारास हातात मोबाइल आला. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे बसत, पण उर्दूची किंवा मराठीची ७० च. म्हणजे आपल्या लिपीत लिहिले की दुप्पट खर्च. आपण सगळेच रोमनकडे वळलो त्यात या हिशेबाचाही हात होता. नस्तालीक फोनपर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागला. विंडोज ८ मध्ये २०१२ ला, गूगलच्या नोटो फॉन्टमध्ये २०१४ ला, ॲपलच्या फोनवर २०१७ ला. या नव्या फॉन्टमध्ये हजारो जोड आयते साठवायची गरज नसते. कोणते अक्षर कोणाला कुठल्या उंचीवर भेटेल याचे नियमच त्यात लिहिलेले असतात. मामूंच्या मनगटात जे होते ते आता नियम झाले आहे.

म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ जी अडचण होती ती संपली. आता उरली आहे फक्त मागच्या बाकावरची 'आदत'. तिला मी किरकोळ समजत नाही. बोललेले लिहून देणारी, पान पाहून मजकूर वाचणारी, प्रश्नांना उत्तरे देणारी नवी यंत्रे लोकांनी लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. ज्या लिपीत कोणी लिहीत नाही तिथे त्यांना शिकायला काही मिळत नाही. यंत्र आपल्या अक्षरापाशी उशिरा आले, हा दोष आपला नव्हता. आता ते आले आहे आणि आपणच तिथे नसू, तर तो दोष कुणावर टाकणार?

गेल्या महिन्यापासून वर्गाच्या ग्रुपवर एक नियम केला आहे. शुक्रवारी उर्दू उर्दूतच लिहायची आणि मराठी देवनागरीतच. पहिल्या शुक्रवारी चारच संदेश आले. मागच्या शुक्रवारी अकरा आले आणि त्यातल्या एकात नुक्ता चुकला होता. तो मी दुरुस्त करून पाठवला.