पाळी पुढे ढकलण्याची गोळी : रमजान, उमरा आणि हजपूर्वी प्रत्येक घराला माहीत असावे असे काही

रमजान जवळ आला किंवा घरातून कुणी उमऱ्याला निघाले की औषधाच्या दुकानात एक गोळी हमखास मागितली जाते. बहुतेक वेळा ती मागायला घरातला लहान मुलगा जातो, हातात चिठ्ठी नसते, जुन्या पाकिटाचा तुकडा असतो. "अम्मीने ये वाली मंगाई है." दुकानदारही फारसे विचारत नाही. गोळी घरी येते आणि कुणाच्या तरी आपाने किंवा भाभीने सांगितल्याप्रमाणे सुरू होते.

ही गोळी वाईट नाही. योग्य बाईने, योग्य वेळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर ती बहुतेकींना सोसते. पण ती साधी डोकेदुखीची गोळी नाही, हार्मोनची गोळी आहे. आपल्याकडे हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो, म्हणून अर्धवट माहिती एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात फिरत राहते. आम्ही इथे ही माहिती एकत्र मांडत आहोत. ती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय विचारायचे हे त्यातून कळेल.

ही गोळी म्हणजे नेमके काय?

औषधाचे नाव नॉरइथिस्टेरॉन. दुकानात ते प्रायमोलट-एन, रेजेस्ट्रोन अशा वेगवेगळ्या नावांनी मिळते. नाव कोणतेही असो, पाकिटावर 'नॉरइथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम' लिहिले आहे का, ते पाहावे.

बाईच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे हार्मोन नैसर्गिकरीत्या तयार होते. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत एक अस्तर वाढते. प्रोजेस्टेरॉन आहे तोवर ते टिकून राहते. गर्भ राहिला नाही की हे हार्मोन कमी होते, अस्तर सुटते आणि पाळी येते. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतले तर यकृतात त्याचा बराचसा भाग लगेच मोडून जातो. म्हणून तोंडाने घेता येईल असे कृत्रिम हार्मोन शोधण्याचे प्रयत्न झाले. 1951 साली मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत नॉरइथिस्टेरॉन तयार झाले. त्याचा कच्चा माल मेक्सिकोतील एका रानटी कंदापासून मिळवला जात असे.

गोळी चालू असेपर्यंत शरीराला वाटते की प्रोजेस्टेरॉन आहे, त्यामुळे अस्तर सुटत नाही. गोळी बंद केली की साधारण दोन ते तीन दिवसांत पाळी येते. 'घाण रक्त आत साठते' ही समजूत चुकीची आहे. अस्तर सुटलेलेच नसते, तर साठणार काय? 'या गोळीने मूल होत नाही' हीदेखील भीतीच आहे. गोळी बंद झाल्यावर पाळीचे चक्र पुन्हा सुरू होते.

डॉक्टर ही गोळी फक्त पाळी लांबवायला देत नाहीत. फार रक्तस्राव होणे, पाळी वेळी-अवेळी येणे, एंडोमेट्रिओसिस अशा तक्रारींवरही ती दिली जाते. प्रत्येक तक्रारीसाठी दिवस आणि मात्रा वेगळी असते. त्यामुळे शेजारणीला डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितकेच दिवस आपणही घ्यायचे, हा हिशेब मुळातच चुकतो.

दीन काय म्हणतो?

हे आधी सांगणे गरजेचे आहे, कारण पुष्कळ बहिणी गोळी घेतात त्या अपराधी वाटते म्हणून. हैजच्या दिवसांत रोजा ठेवायचा नसतो, नंतर त्याची कजा करायची असते. त्या दिवसांतील नमाज माफ असते, तिची कजाही नाही. म्हणजे रमजानमध्ये पाळी आली तर बाईच्या इबादतीत खोट येत नाही. ही सवलत अल्लाहनेच दिलेली आहे. केवळ 'तीसचे तीस रोजे पुरे व्हावेत' म्हणून महिनाभर गोळी घेण्याची सक्ती कुणावरही नाही, आणि सुनेवर तर मुळीच नाही.

हजबद्दलही दिलासा आहे. हज्जतुल विदाच्या सफरीत मक्केजवळ सरिफ या ठिकाणी हजरत आयेशा (रजि.) यांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या. नबी करीम (स.) यांनी त्यांची समजूत घातली आणि तवाफ सोडून हाजी जे जे करतात ते सर्व करायला सांगितले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे.

खरी अडचण असते ती तवाफ-ए-जियारतची. तो हजचा रुक्न आहे, आणि पाळी संपण्याआधीच परतीचे विमान असेल तर बाई पेचात पडते. उमऱ्याच्या सात-आठ दिवसांच्या पॅकेजमध्येही तसेच होते. अशा वेळी सेहतला नुकसान नसेल तर गोळी घेण्यास उलेमा साधारणपणे परवानगी देतात. 'नुकसान नसेल तर' ही अट महत्त्वाची आहे, आणि ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

गोळी कशी दिली जाते?

पाळी लांबवण्यासाठी सहसा 5 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून दिली जाते. या कामासाठी ती साधारणपणे 10 ते 14 दिवसांपेक्षा जास्त चालू ठेवत नाहीत. नेमकी मात्रा आणि दिवस डॉक्टरच ठरवतील. इथून चार गोष्टी निघतात.

पहिली, तारीख माहीत हवी. किमान मागच्या तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाळी अनियमित असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

दुसरी, पाळी सुरू झाल्यावर ती थांबवायला स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका.

तिसरी, रमजानमध्ये तीन वेळांचा मेळ बसवावा लागतो, कारण दिवसा गोळी गिळली तर रोजा तुटतो. इफ्तार, झोपण्याआधी आणि सेहरी अशी वेळ चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. 'दोन गोळ्या एकदम घेऊन टाकू' असे करू नका. एखादी गोळी विसरली तर आठवल्यावर एकच घ्या आणि पुढची ठरल्या वेळी घ्या. मात्र वेळा चुकल्या तर मध्येच रक्त दिसू शकते.

चौथी, हजची सफर सुमारे 40 दिवसांची असते. इतके दिवस सलग गोळ्या घेण्यापेक्षा नेमके कोणते दिवस सांभाळायचे, हे तारखा समोर ठेवून डॉक्टरांशी ठरवावे. हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी होत नाही. किमान दोन महिने आधी दवाखान्यात जावे.

कोणी घेऊ नये?

खालीलपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका.

• पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला झाली असेल
• हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असेल
• यकृताचा आजार असेल, किंवा गरोदरपणात कावीळ वा सर्वांगाला तीव्र खाज झाली असेल
• स्तनाचा कर्करोग आहे, किंवा पूर्वी झालेला आहे
• कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल
• गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, अथवा बाळाला अंगावर पाजत असाल
• डोळ्यांपुढे लखलखाट होऊन उठणारी अर्धशिशी असेल
• मधुमेह, उच्च रक्तदाब, फिट्स, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, वजन फार जास्त असेल, किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल

यातील काही आजारांत गोळी मुळीच चालत नाही, काहींत देखरेखीखाली चालते. तो फरक डॉक्टर करतील.

दुसऱ्या औषधांचेही सांगा. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांच्यामुळे या गोळीचा परिणाम कमी होतो. टीबीचे औषध चालू असल्याचे आपल्याकडे लपवले जाते. सासरी सांगायचे नसेल तर नका सांगू, पण डॉक्टरांपासून लपवू नका.

चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पाळी बिघडली, किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर गोळी घेऊन ते दाबू नका. आधी तपासणी करा. अशा रक्तस्रावामागे कधी कधी कर्करोगही असतो. गोळीने रक्त थांबते, आजार तसाच राहतो आणि हातची वेळ निघून जाते.

त्रास आणि धोक्याची लक्षणे

मळमळ, पोट फुगल्यासारखे वाटणे, छाती दुखरी होणे, डोके जड होणे, चिडचिड, थोडेसे डाग पडणे असे किरकोळ त्रास होऊ शकतात. ते बहुधा गोळी बंद झाल्यावर जातात.

पण काही लक्षणांत एक तासही थांबू नये. एकाच पायाची पोटरी सुजणे, दुखणे किंवा गरम लागणे. अचानक धाप लागणे. छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त येणे. पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी. दिसणे किंवा बोलणे बिघडणे. अंगाची एक बाजू लुळी पडणे. डोळे पिवळे होणे. गोळी लगेच बंद करा आणि इस्पितळ गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108, सौदी अरबमध्ये 997. डॉक्टरांना 'हार्मोनची गोळी चालू आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आमच्या ओळखीतील एक खाला उमऱ्याहून परतल्या तेव्हा त्यांची डावी पोटरी सुजलेली होती. तवाफ आणि सईमुळे पाय भरून आले असतील, म्हणून घरच्यांनी दोन दिवस तेल चोळले. सुनेने बळेच इस्पितळात नेले, तेव्हा सोनोग्राफीत रक्ताची गाठ निघाली. विमानातले तासन्‌तासांचे बसणे, अंगात पाणी कमी, वजन जास्त आणि त्यात नणंदेच्या उरलेल्या पाकिटातल्या गोळ्या. त्यांच्या आईलाही असाच त्रास झाला होता, पण गोळी घेताना ते विचारणारे कुणी नव्हते. खाला आता बऱ्या आहेत, अल्हमदुलिल्लाह. पण त्यांचे एक वाक्य आमच्या लक्षात राहिले आहे, "मला वाटलं, सगळ्याच घेतात."

म्हणून प्रवासात मध्ये मध्ये उठून चाला, पाय हलवत राहा, पाणी पुरेसे प्या. दुखणारी, सुजलेली पोटरी चोळू नका.

रक्त दिसलेच तर?

गोळी चालू असतानाही कधी डाग पडतात. मात्रेबद्दल डॉक्टरांना फोन करा, मनाने गोळी वाढवू नका. तो हैज समजायचा की इस्तिहाजा, नमाज आणि तवाफचे काय, हा प्रश्न आलिमांचा आहे. त्यांना आपला मसलक सांगा. हनफी मसलकात हैजची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस आहे. कोकणातील आपली बरीच घरे शाफई आहेत, तिथे ती एक दिवस-रात्र ते पंधरा दिवस आहे. म्हणून ग्रुपमधील दुसरीचे उत्तर आपल्याला लागू होईलच असे नाही.

गोळी बंद करून आठवड्याभरात पाळी आली नाही तर गर्भाची तपासणी करून घ्या. या पद्धतीने घेतलेली गोळी गर्भनिरोधक नाही, हे पती-पत्नी दोघांनीही लक्षात ठेवावे.

मुलींबद्दल

दहावी-बारावीच्या परीक्षेत, सहलीला किंवा घरच्या शादीत 'अडचण' नको म्हणून आया मुलींना ही गोळी देतात. शाळेत हे आम्ही दरवर्षी पाहतो. मुलीला गोळी नको, आधी तिच्या दप्तरात पॅड आणि मनात धीर द्या. पाळीत पोट फार दुखत असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या. दुखण्याचे कारण शोधले पाहिजे.

निघण्यापूर्वी एवढे करा

स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर पाहा, सरकारी रुग्णालयातही ही सोय असते. चिठ्ठीवर औषधाचे नाव, मात्रा, सुरू करण्याची आणि बंद करण्याची तारीख लिहून घ्या. ही गोळी कायद्यानेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असते. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीच्या प्रतीसह, हँडबॅगेत ठेवा. उरलेले पाकीट कुणाला देऊ नका.

आणि घरातील पुरुषांनो, गोळी आणायला मुलाला पाठवण्याऐवजी पत्नीसोबत, अम्मीसोबत दवाखान्यात जा. हजच्या खर्चाचा हिशेब आपण महिनोन्‌महिने आधी करतो. त्यात या एका भेटीची फी आणि एका दुपारचा वेळ धरा.

अल्लाह आपल्या सर्व माता-भगिनींना सेहत देवो आणि त्यांची इबादत कबूल करो. आमीन.