लाखेच्या तबकडीवरचा शाहीर

वाचकहो, परिपाठाच्या वेळी आपल्या भागातल्या कोणत्याही शाळेवरून जा. राष्ट्रगीताबरोबर आणखी एक गीत कानी पडते, 'जय जय महाराष्ट्र माझा'. १९ फेब्रुवारी २०२३ या शिवजयंतीच्या दिवसापासून ते महाराष्ट्राचे राज्यगीत झाले आहे. मुलांना ते तोंडपाठ आहे. पण त्याच मुलांना विचारून पाहा, "बाळांनो, हे गीत रचले कोणी? चाल कोणाची? आणि पहिल्यांदा महाराष्ट्राने ते कोणाच्या गळ्यातून ऐकले?" फार थोडे हात वर होतील. तो गळा आपल्याच सातारा जिल्ह्यातला होता, हे कळले तर वर्गाला नवल वाटेल. त्या गळ्याची आणि एका तबकडीची ही हकीकत आहे.

वाईहून पाचगणीकडे निघाले की घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे गाव लागते. तिथे ३ सप्टेंबर १९२३ रोजी कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म झाला. हेच पुढचे शाहीर साबळे. शिक्षणासाठी ते खानदेशात अमळनेरला गेले आणि तिथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळेचे शिक्षण फार लांबले नाही. पण गुरुजींनी दिलेला धडा जन्मभर पुरला. गाणे हे नुसते करमणुकीसाठी नाही, माणसे जागी करण्यासाठीही आहे, हा तो धडा. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केले. त्या मंदिरप्रवेशाच्या चळवळीत साबळ्यांचा डफ वाजला. पसरणीतल्या भैरवनाथाचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणूनही त्यांनी पुढाकार घेतला. आपल्याच गावात असे काम काढणे किती अवघड असते, ते खेड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता थोडे शाहिरीबद्दल. शिवरायांच्या काळात अगिनदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला. तेव्हापासून शाहीर हा मराठी मुलखाचा चालताबोलता इतिहासकार झाला. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही सिंहगड कसा घेतला हे ठाऊक होते, ते शाहिरामुळे. शाहिराची सामग्री ती किती? डफ, तुणतुणे, झांज आणि मागे 'जी जी' करून झील धरणारे दोघेतिघे. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तो छातीच्या जोरावर. पोवाडा तास-दीड तास चाले. मध्येच शाहीर थांबे, गद्यात चार वाक्ये समजावून सांगे, एखादी कोपरखळी मारी आणि पुन्हा डफावर थाप देई.

आमच्या खटाव तालुक्याला हे निराळे सांगावे लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे पडले. नऊजण हुतात्मे झाले. असे प्रसंग गावोगाव पोचवावेत ते शाहिरांनीच. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख यांनी डफाच्या थापेवर मैदाने भरवली. साबळे याच परंपरेतले.

आणि मग या मैदानी कलेची गाठ पडली एका यंत्राशी. फोनो ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल: चावी भरायची, सुई लावायची, तबकडी फिरू लागली की कर्ण्यातून आवाज येई. ती तबकडी लाखेच्या मिश्रणाची असे. हो, तीच लाख, जी बांगड्यांना लागते! मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तुम्ही म्हणाल, तास-दीड तासाचा पोवाडा तीन मिनिटांत बसायचा कसा? खरा पेच तोच होता. गद्य गाळावे लागे, कोपरखळी गाळावी लागे, समोरच्या माणसांच्या डोळ्यांत पाहून शब्द फिरवण्याची सोय तर अजिबात नाही. समोर माणसांच्या जागी एक यंत्र!

हा पेच काही आपल्याच शाहिरांपुढे आला असे नाही. अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचे गाव आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचा राल्फ पियर हा माणूस ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन तिथे गेला आणि टोप्यांच्या एका वखारीत त्याने बिऱ्हाड थाटले. भोवतालच्या डोंगरांतून गाणारी माणसे आली. कार्टर कुटुंबातली तिघे आली, रेल्वेत काम केलेला जिमी रॉजर्स आला. त्या गवयांच्या पहिल्यावहिल्या तबकड्या तिथे निघाल्या आणि अमेरिकेच्या ग्रामीण गाण्याला देशभर श्रोता मिळाला. त्या व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा होता, आणि आपल्याकडच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकडीवरही तोच! डोंगरातला गवई तिकडचा असो की सह्याद्रीतला, दोघांनाही एकच कोडे सुटायला हवे होते: अंगणातले गाणे तीन मिनिटांत मावले पाहिजे आणि तरी ते अंगणातलेच वाटले पाहिजे.

१९६० साली महाराष्ट्र राज्य जन्माला आले आणि त्याच सुमारास 'जय जय महाराष्ट्र माझा' लोकांपुढे आले. गीत लिहिले राजा बढे यांनी. ते नागपूरचे, आणि प्रेमगीतांसाठी नावाजलेले. चाल दिली श्रीनिवास खळे यांनी. ते बडोद्यात वाढलेले, भावगीतांच्या हळुवार चालींचे संगीतकार. गाणारे साबळे कृष्णाकाठचे, रांगड्या गळ्याचे. विदर्भाची लेखणी, बडोद्याचा सूर आणि साताऱ्याचा आवाज! नव्या राज्यात कोण कोण एकत्र येणार याची जणू यादीच त्या तबकडीवर होती.

साठांहून अधिक वर्षे लोटली. त्या वेळी निघालेली कितीतरी गौरवगीते आज कुणाला आठवत नाहीत. हेच का टिकले? मला तीन कारणे दिसतात.

पहिले, गीतात भूगोल आहे, आणि तो नद्यांचा आहे. नर्मदेपासून गोदावरीपर्यंतच्या नद्यांची नावे त्यात येतात. ऐकणारा आपली नदी शोधतो आणि ती सापडली की गाणे त्याचे होते. कृष्णा-कोयनेचा उच्चार झाला की कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर उभे राहिलेल्या माणसाची मान आपोआप डोलते.

दुसरे, त्यात नुसता डौल नाही. कष्ट आहेत, घाम आहे, गरिबीचे ऊन आहे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला पोकळ बढाई खपत नाही. माण-खटावच्या शेतकऱ्याला आपले दुःखही त्या अभिमानात धरलेले दिसते, म्हणून तो अभिमान त्याला पटतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. साबळ्यांनी ते गीत गवयासारखे म्हटले नाही, शाहिरासारखे म्हटले. म्हणजे काय? गवई गातो तेव्हा आपण ऐकतो. शाहीर गातो तेव्हा आपल्याला झील धरावीशी वाटते. या गीताचे ध्रुपद असे आहे की एकाने उचलावे आणि शंभरांनी झेलावे. तान नाही, मुरकी नाही, धाप लागेल अशी लांबण नाही. तासाचा पोवाडा तबकडीवर मावला नाही खरा. पण शाहिरीचा गाभा, म्हणजे ऐकणाऱ्यालाच गाणारा करून सोडणे, तो मात्र तीन मिनिटांत नेमका उतरला. तबकडी थांबल्यावरही गाणे चालू राहिले, याचे रहस्य हे.

साबळे त्या एका यशावर थांबले नाहीत. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' अशी मुक्तनाट्ये त्यांनी रंगभूमीवर आणली. 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून वासुदेव, गोंधळी, वाघ्यामुरळी, कोळी यांची गाणी-नाच एका मंचावर आणले. एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड आज ज्या ढंगात आपल्या कानांत बसले आहे, तो पुष्कळसा साबळ्यांचा. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते गेले. आणि २०२३ मध्ये, त्यांची जन्मशताब्दी भरत असताना, त्यांच्या गळ्यातून घराघरांत पोचलेले गीत राज्याचे गीत झाले.

इथे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द सांगायचे आहेत. राज्यगीत म्हणून मूळ तीन कडव्यांपैकी दोन घेतली आहेत. पावणेदोन मिनिटांच्या आत ती म्हणून होतात. वेळेचे बंधन समजण्यासारखे आहे. पण वर्गात एखाद्या दिवशी तिन्ही कडवी शिकवायला कोणाची आडकाठी नाही. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. हल्ली मोबाईलवर गीत लावायचे, तो कर्ण्याला जोडायचा आणि मुलांनी हात जोडून मुकाट उभे राहायचे, अशी सोयीची रीत काही ठिकाणी पडू पाहते आहे. असे झाले तर आपण शाहिराला पुन्हा लाखेच्या तबकडीत कोंडले असे होईल. मुले थोडी बेसूर म्हणोत, पण म्हणोत! शक्य असेल तिथे डफ आणा. एक मुलगा किंवा मुलगी पुढे आणि बाकीची झील धरणारी, असे एकदा करून बघा. इतिहासाच्या पुस्तकातला पोवाडा मग वेगळा शिकवावा लागणार नाही.

आणि आणखी एक. पसरणीच्या शाहिराला तबकडी मिळाली, म्हणून त्याचे नाव राहिले. पण आपल्या पंचक्रोशीत जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या आजी आहेत, भेदिक लावणीचे सवाल-जवाब पाठ असलेले म्हातारे आहेत, गोंधळ घालणारी घराणी आहेत. त्यांच्या दारी कुठली कंपनी यंत्र घेऊन आली नाही. १९२७ मध्ये त्या कामाला ब्रिस्टलला वखार लागली. आज तेच यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मुलांना पाठवा, गाणे भरून घ्या, आणि खाली गाणाराचे नाव, गाव, वय लिहायला विसरू नका. नावावाचून राहिलेला आवाज फार लवकर परका होतो.

वडूजजवळून वाहणारी आमची येरळा उन्हाळ्यात कोरडी पडते. राज्यगीतातल्या नद्यांच्या यादीत तिचे नाव नाही. पण पावसाळ्यात ती ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि पुढे तिचे पाणी कृष्णेच्याच नावाने वाहते. मोठ्या गाण्याचेही तसेच असते, वाचकहो. त्यात गावोगावच्या किती अनाम गळ्यांचे पाणी मिसळलेले असते! कृष्णेचे नाव घेताना आपल्या येरळेला विसरायचे नाही, एवढे आपल्या हाती आहे.