दांडका आणि आडवी बाटली

दारूबंदी फसली की ठरलेला खुलासा येतो: कायदा चांगलाच होता, अंमलबजावणी ढिली पडली. चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ च्या मे महिन्यात उठवायचे ठरले, तेव्हाही हेच ऐकू आले. हा पूर्वपक्ष मोठा सोयीचा, कारण तो कधी हरतच नाही. बंदी साधली तर दांडक्याचा विजय, फसली तर दांडका कमी पडला!

पण दांडका पुरेसा कडक होता, अशी उदाहरणे आहेत. मुंबई इलाख्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. (तो महाराष्ट्रात अजून आहे; दारू प्यायला परवाना लागतो, हे बऱ्याच पिणाऱ्यांच्या गावीही नसते.) तो राबवणाऱ्या मोरारजी देसाईंच्या करारीपणाविषयी त्यांच्या वैऱ्यांनाही शंका नव्हती. तरी त्याच मुंबईत आंटीचे चोरटे दारूअड्डे चालले, आणि पुढे वरदराजन मुदलियार या टोळीप्रमुखाचे साम्राज्य उभे राहिले ते हातभट्टीच्या जिवावर.

बिहारने २०१६ मध्ये याहून कडक पाऊल उचलले. घरात बाटली सापडली तर घरातल्या प्रौढांनाही आरोपी धरण्याची तरतूद केली. कोर्टात जामीन अर्जांचा ढीग साचला. २०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी या कायद्याकडे दूरदृष्टीच्या अभावाचा नमुना म्हणून बोट दाखवले. सरकारलाच २०१८ आणि २०२२ मध्ये शिक्षा सौम्य कराव्या लागल्या. आणि २०२२ च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने कित्येक माणसे गेली.

ढिलाई हा अपघात नव्हे, बंदीच्याच पोटातून ती जन्मते. धाडी वाढल्या की धोका वाढतो, धोक्याबरोबर भाव, आणि भावाबरोबर हप्ता देण्याची ऐपत. दुसरे असे, की लपवायचे म्हटले की जागा कमी खाणारा आणि टिकणारा माल हवा. ताडी काही तासांत आंबते. पोत्यात दडवून ती किती लांब नेणार? म्हणून सौम्य पेये आधी हटतात आणि जहाल माल उरतो. पकडला जातो तो बहुधा पिणारा किंवा पिशवी वाहणारा. भट्टीत पैसा घालणारा क्वचितच.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मिथेनॉलने मेली, आणि शहरात तेव्हा दारू उघड मिळत होती. बरोबर. विषाचा उगम केवळ बंदीत नाही. कराने महागलेली रीतसर बाटली ज्याला परवडत नाही, तोही पिशवीतल्या दारूकडेच वळतो. तेव्हा दुकाने उघडली की प्रश्न मिटला, असेही मी म्हणणार नाही.

गडचिरोलीचे मात्र वेगळे वाचायला हवे. तिथली १९९३ ची बंदी लोकांच्या आंदोलनातून आली, आणि पुढे गावोगावच्या बायकांनी पहारा केला. दारू तिथे संपलेली नाही, पण भट्टी कुणाची हे गावाला ठाऊक असते, आणि गावाला हप्ता पोचवणे अवघड.

महाराष्ट्रात इतरत्र बायकांच्या हाती उभ्या-आडव्या बाटलीचे मतदान आहे. त्यात दुकान बंद करायला यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांची मते ‘आडवी’ला पडावी लागतात, मतदान केलेल्यांतल्या निम्म्या पुरत नाहीत. जी त्या दिवशी कापूस वेचायला गेली, तिचे न दिलेले मत दुकानाच्या पारड्यात जाते.