छत्री घेऊन बाथरूमला! ओसाकातल्या एका घराची गोष्ट

कल्पना करा, रात्रीचे दोन वाजलेत, धो-धो पाऊस पडतोय आणि तुम्हाला बाथरूमला जायचंय. बेडरूमचं दार उघडायचं, उघड्यावरचा जिना उतरायचा, अंगणातून मागच्या खोलीकडे जायचं. हातात छत्री. आणि हे सगळं स्वतःच्याच घरात!

हे घर जपानमधल्या ओसाका शहरात आहे, सुमियोशी नावाच्या जुन्या वस्तीत. १९७६ साली तादाओ आंदो यांनी ते बांधलं. हा माणूस आधी बॉक्सर होता. वास्तुकलेचं शिक्षण कुठल्या कॉलेजात नाही, स्वतःच घेतलेलं.

तिथं पूर्वी लाकडी ‘नागाया’ होत्या. नागाया म्हणजे भिंतीला भिंत लावून ओळीनं उभी असलेली घरं. समोरून चिंचोळी, आत लांबच लांब. आंदो स्वतः ओसाकातल्या अशाच घरात आजीजवळ वाढले. तीन घरांतलं मधलं पाडून त्यांनी तिथं काँक्रीटचा एक ठोकळा बसवला. जागा जेमतेम ५७ चौरस मीटर. रस्त्याकडे एकही खिडकी नाही, फक्त दाराची जागा कापलेली.

आता गंमत ऐका. एवढ्याशा जागेचे त्यांनी तीन भाग केले आणि मधला भाग आभाळाला मोकळा सोडला! खाली पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि बाथरूम. वर दोन बेडरूम, मध्ये पूल. घरातला सगळा उजेड, सगळा वारा या अंगणातूनच येतो. पाऊस आणि थंडीही तिथूनच येते.

म्हणजे जुनं सगळं पुसलं का? बाहेरून पाहिलं तर हो. पण घराची रुंदी, खोली, शेजाऱ्याला खेटून उभं राहणं, आतल्या अंगणातून श्वास घेणं, हे सगळं जुन्या नागायाचंच. लाकूड गेलं, सांगाडा राहिला.

१९७९ मध्ये जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेनं या घराला पुरस्कार दिला. १९९५ मध्ये आंदोंना प्रित्झकर मिळालं. पण खरं सांगू का, कौतुक आर्किटेक्टचं झालं आणि थंडीत कुडकुडत अंगण ओलांडलं ते घरच्यांनी. साधेपणाचीही किंमत असते, आणि ती राहणारा मोजतो.

आपल्या वाड्यांनाही मधोमध चौक असायचा ना? आज पुण्याच्या पेठांत वाडा पडतो तेव्हा दगडी जोतं आणि नक्षीदार खांब गेल्याची हळहळ होते. चौक गेला, हे मात्र कुणी मोजत नाही. जुन्या गल्लीत नवं घर बांधताना नेमकं काय वाचवायचं, चेहरा की श्वास?

विचार करा. भेटू पुढच्या भागात!