युद्धाने लोकसंख्या कमी होते, पण कोणाची? नगरचा हिशोब

सीमेवर तणाव वाढला की मोबाईलवर एक वाक्य हमखास फिरू लागते : "एकदाचे युद्ध होऊनच जाऊ द्या, तेवढीच लोकसंख्या कमी होईल." हा विचार जुना आहे. १७९८ साली माल्थस या इंग्रज पाद्र्याने लोकसंख्येवर निबंध लिहिला. युद्ध, रोगराई आणि दुष्काळ यांना त्याने वाढत्या लोकसंख्येला आवर घालणाऱ्या गोष्टींत बसवले. आम्ही सावेडीत राहतो. आमच्या शहरात भुईकोट किल्ला आहे, लष्करी छावणी आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेव्हा या वाक्याचा हिशोब नगरच्याच इतिहासातून करू.

शाळेत आपण शिकलो की ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. ८ तारखेला पेठ पडली, १२ तारखेला किल्ला. लढाई पाच दिवसांत संपली. पण त्याआधीपासून होळकरांच्या फौजा आणि पेंढारी हा मुलूख तुडवत होते. उभी पिके गेली, धान्य लुटले गेले, गुरे गेली. १८०३-०४ चा दुष्काळ नुसता पावसाने आणलेला नव्हता, तो फौजांनी आणला होता. गावेच्या गावे ओस पडली. तलवारीने मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक भुकेने मेले. शिंदे, होळकर, पेशवे यांच्या भांडणात या लोकांचा काय संबंध होता? ज्याला वतनाच्या तुकड्यावर आणि गावाने दिलेल्या भाकरीवर जगावे लागत होते, त्याच्या घरी पेव नव्हते. गाव उपाशी पडले की सर्वांत आधी गावकुसाबाहेरची चूल विझते.

दुसरा हिशोब पहिल्या महायुद्धाचा. या युद्धात सुमारे ७४,००० हिंदी सैनिक मेले. त्याच युद्धासाठी सरकारला माणसे कमी पडू लागली, तेव्हा १८९० च्या दशकात महारांना बंद केलेला लष्कराचा दरवाजा १९१७ मध्ये उघडला आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.

पण खरे मरण रणांगणावर नव्हतेच. १९१८ च्या जूनमध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. त्याच वर्षी पाऊस हुकला, धान्य महागले. हिंदुस्थानात कमीत कमी सव्वा कोटी लोक दगावले. नगर जिल्ह्याचीही लोकसंख्या त्या दशकात घटली. १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक आहे.

आता कोण मेले ते पाहा. मुंबई शहरात १९१८ साली या साथीचा मृत्युदर युरोपियनांत हजारी ८.३ होता, 'खालच्या' म्हटल्या गेलेल्या जातींत हजारी ६१.६, आणि इतर हिंदूंत १८.९. विषाणूला जात कळत नव्हती. ती चाळीतल्या कोंदट खोलीला, रिकाम्या पोटाला आणि न मिळालेल्या औषधाला कळत होती. माल्थस ज्याला निसर्गाचा आवर म्हणतो, तो आपल्याकडे जातीची उतरंड पाहून चालला.

यावर कोणी विचारेल, मग भीमा कोरेगावच्या अभिमानाचे काय? तो अभिमान आम्हाला आहेच. विजयस्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. माणूस म्हणून नाकारलेल्यांची नावे दगडावर आली, म्हणून १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. शौर्याचा मान राखणे वेगळे आणि युद्धाची हौस बाळगणे वेगळे. स्तंभावर लढणाऱ्यांची नावे आहेत. १८०४ मध्ये नगरच्या रस्त्यावर मेलेल्यांची नावे कोठेही नाहीत.

लोकसंख्येचा प्रश्न खोटा आहे का? नाही. पण बाबासाहेबांनी त्याला दिलेले उत्तर वेगळे होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते आणि ते मांडले पी. जे. रोहम यांनी. रोहम हे नगर दक्षिणचे आमदार! बाईचे आरोग्य आणि गरिबाचे जगणे सुधारावे, हा त्या ठरावाचा गाभा होता. सभागृहाने तो फेटाळला. आपल्या जिल्ह्याच्या आमदाराने मांडलेला हा ठराव आज नगरच्या किती तरुणांना माहीत आहे?

'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायला नकार दिला म्हणून. संघात बहुमत त्याच्या विरोधात गेले, तरी तो बदलला नाही. ज्यांनी ही दीक्षा घेतली, त्यांनी युद्धाच्या गोष्टी टाळ्यांवर सोडून देऊ नयेत.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी ते वाक्य मोबाईलवर आले तर पुढे पाठवू नका. खाली एवढेच विचारा : कमी होणारी लोकसंख्या कोणत्या वस्तीतली असेल?

जय भीम!