दांडक्यांची जुडी आणि शब्दांचं सोवळं



गेल्या व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं होतं, "सर, हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही. हा शब्द नको, ती म्हण नको. हा पोलिटिकल करेक्टनेस म्हणजे नवा फॅसिझमच नव्हे का?" त्यावर टाळ्या पडल्या आणि वेळही संपली. ते उत्तर आमच्याकडे उधार राहिलं. आज ती उधारी फेडू.

पण आधी एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्याच मुलांपुढे आम्ही तर्कशास्त्रावर बोलत होतो. उदाहरण देताना एक जुनी म्हण तोंडातून गेली. म्हणीत एका जातीचं नाव होतं आणि त्या जातीबद्दल चार अक्षरांत एक वाईट निकाल होता. लहानपणापासून ऐकलेली म्हण, आम्हाला त्यात काही खुपलं नव्हतं. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, ही म्हण आमच्या घरच्यांवर आहे. दुसरं उदाहरण देता येईल का?" आम्ही दुसरं दिलं, पण घरी आलो ते धुसफुसतच. "फॅसिस्ट झाली आहेत ही पोरं!" सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "तिने तुम्हाला बोलू दिलं नाही का?" "दिलं की." "मग बाहेर कुणी अडवलं का?" "नाही." "मग केलं काय तिने?" "दुसरं उदाहरण मागितलं." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट आमची, पण व्याख्येची चूक त्यांनी पकडली होती.

तेव्हा आधी व्याख्या पाहू. 'फॅशो' हा इटालियन शब्द, त्याचं मूळ लॅटिन 'फॅसिस'. म्हणजे दांडक्यांची जुडी. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यापुढे चालणारे सेवक ही जुडी खांद्यावर घेत, आणि तिच्यात कुऱ्हाड खोचलेली असे. दांडके फटक्यांसाठी, कुऱ्हाड मुंडक्यासाठी. मुसोलिनीने २३ मार्च १९१९ रोजी मिलानमध्ये आपली संघटना काढली. तिला तीन आठवडे होतात न होतात तोच तिच्या माणसांनी समाजवाद्यांच्या 'अवांती' या वृत्तपत्राचं कार्यालय जाळलं. गंमत बघा, त्याच 'अवांती'चा मुसोलिनी पूर्वी संपादक होता. पुढे काळ्या डगल्यातल्या टोळ्या गावोगाव फिरल्या. कामगार संघटनांच्या कचेऱ्या जाळल्या, विरोधकांना धरून एरंडेल पाजलं. पोलीस बहुतेक ठिकाणी बघत उभे राहिले. ऑक्टोबर १९२२ मध्ये राजानेच मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावलं. जून १९२४ मध्ये मात्तेओत्ती या समाजवादी खासदाराला पळवून ठार मारलं. १९२६ साल संपता संपता बाकी सारे पक्ष बंद झाले होते, राजकीय खटल्यांसाठी खास न्यायालय आलं होतं आणि ग्राम्शी तुरुंगात होता.

हा क्रम ध्यानात ठेवा. आधी टोळी, मग टोळीकडे काणाडोळा करणारं सरकार, मग टोळी हेच सरकार, आणि शेवटी दाद मागायला कुठलंही दार शिल्लक नाही. यातल्या एकेका गोष्टीला आम्ही फॅसिझम म्हणणार नाही. चारही एका दोरीने बांधल्या, कुऱ्हाड खोचली, की ती जुडी होते.

आम्हा मास्तर लोकांनी तर यातलं एक वर्ष विसरूच नये. १९३१ साली इटलीतल्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली गेली. सुमारे बाराशे प्राध्यापक होते. नाही म्हणणारे जेमतेम डझनभर. उरलेल्यांत थोर विद्वान होते, कुटुंबवत्सल सज्जन होते. आम्ही त्यांच्या जागी असतो तर? हा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे, आणि उत्तराची खात्री वाटत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपले डॉ. बा. शि. मुंजे रोमला मुसोलिनीला भेटले, तिथल्या मुलांच्या लष्करी संघटना त्यांनी पाहिल्या आणि ते प्रभावित झाले. पाहुण्याला कवायत दाखवतात. तुरुंग कोण दाखवणार?

आता तुम्ही म्हणाल, हे झालं मारामारीचं. आमचा प्रश्न शब्दांचा होता. तर शब्दांकडेच येऊ, आणि त्यासाठी एकच साल घेऊ. १९३८.

त्या वर्षी इटलीत फॅसिस्ट राजवटीने एका सर्वनामावर बंदी घातली. इटालियनमध्ये आदराने बोलताना 'लेई' म्हणतात. आपल्या 'आपण'सारखं समजा. राजवटीला ते परकं आणि लाचार वाटलं. पक्षाच्या माणसांनी आणि सरकारी नोकरांनी 'व्होई' म्हणजे साधारण आपलं 'तुम्ही'च वापरायचं, असा हुकूम सुटला. 'लेई' नावाचं बायकांचं एक मासिक होतं. तिथे 'लेई'चा अर्थ साधा 'ती' असा होता. तरी त्याला नाव बदलून 'अन्नाबेल्ला' व्हावं लागलं. हसू येतं ना? पण त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याच सरकारने वंशकायदे आणले. ज्यू मुलं शाळेतून आणि ज्यू प्राध्यापक विद्यापीठातून बाहेर काढले.

त्याच १९३८ च्या जानेवारीत आपल्या मुंबई कायदेमंडळात काय झालं? बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं. लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती होती आणि तिच्यात अस्पृश्य समाजासाठी 'हरिजन' हा शब्द घातला होता. भाऊराव गायकवाडांनी, म्हणजे आपल्या दादासाहेबांनी, हरकत घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही बोलले. म्हणणं सरळ होतं: आम्हाला काय म्हणायचं हे आम्हाला तर विचारा. सरकारकडे बहुमत होतं. हरकत फेटाळली गेली. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. त्यांनी कुणाचं पुस्तक जाळलं नाही की कुणाला बोलायची बंदी केली नाही. पुढे १९८२ साली केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका. त्या एका साध्या मागणीला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आणि त्याच सुमारास मराठीत तिसरी गोष्ट चालू होती, भाषाशुद्धीची. सावरकरांनी ती चळवळ उभी केली. त्या वर्षीच्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते. एकेकाळी फारसीच्या प्रेमात असलेल्या माधव जूलियनांचा 'भाषाशुद्धिविवेक'ही १९३८ चाच. अमुक शब्द टाका, तमुक घ्या, असा आग्रह यातही होता, आणि तो चांगला कडक होता. पण न मानणारे लेखक आपल्या भाषेत लिहीत राहिले. लोकांना 'महापौर' रुचला, आपल्या ठाण्याच्या महापालिकेने तो आनंदाने मिरवला. 'दिनांक' रुचला. बरेच शब्द रुचले नाहीत, ते पुस्तकातच राहिले. निवाडा बोलणाऱ्यांनी केला.

एकाच सालात शब्द बदलायच्या या तीन खटपटी. वरवर पाहिल्या तर तिन्ही सारख्या: 'हा शब्द नको, तो वापरा.' पण दोन प्रश्न विचारले की त्या वेगळ्या पडतात. मागणारा कोण? आणि नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दाराशी कोण येतं? रोममध्ये मागणारं सरकार होतं, आणि नाही म्हणणाऱ्याची नोकरी त्याच सरकारच्या हातात होती. मुंबईत मागणारे ते होते ज्यांच्याकडे मतंही पुरेशी नव्हती. नकार मिळाल्यावर बाहेर जावं लागलं ते मागणाऱ्यांनाच.

म्हणून वर्गातल्या मुलीला आम्ही 'फॅसिस्ट' म्हणालो ती आमची चूक होती. म्हणीतलं जातीचं नाव खटकणं हा तिचा फाजील हळवेपणा असेल, तर महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तोही फाजील म्हणावा लागेल. पत्त्यात जात सांगावी लागणं काय असतं, हे ज्याचा पत्ता तसा आहे त्यालाच विचारावं.

पण मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांना आम्ही एवढ्यावर वाटेला लावणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. हरकत घेणं आणि तोंड बंद करणं यांत एक उंबरठा आहे, आणि तो आपल्याकडे वारंवार ओलांडला जातो. २००९ साली आनंद यादवांना 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून महाबळेश्वरच्या संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. कादंबरी चुकीची वाटणं, तसं सांगणं, हा वारकऱ्यांचा हक्क होता. पण ते संमेलन अध्यक्षाविना झालं, हे कुणाच्या भल्याचं झालं? ज्या राम गणेश गडकऱ्यांच्या नावाच्या रंगायतनात आपण तलावपाळीवर नाटकं बघतो, त्यांचा पुण्याच्या संभाजी उद्यानातला पुतळा जानेवारी २०१७ मध्ये रात्रीतून उखडला. कारण 'राजसंन्यास'. नाटक अपुरं, नाटककार १९१९ सालीच गेलेला. उत्तर द्यायला कोण येणार होतं? या गोष्टींना आम्ही झुंडशाही म्हणू. फॅसिझम म्हणणार नाही, कारण जुडी अजून बांधलेली नव्हती. पण दांडकं दिसलं होतं.

आणि एकदा तर ते आपल्याच जिल्ह्यात दिसलं. नोव्हेंबर २०१२. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले, १८ ला रविवारी अंत्यसंस्कार, सगळीकडे बंद. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद कशासाठी. दुसरीने ते नुसतं लाइक केलं. जमाव आला, पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. इथवर झुंड. पण पुढे पोलिसांनी दवाखाना फोडणाऱ्यांच्या आधी त्या दोन मुलींना पकडलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं. श्रोतेहो, आम्हाला भीती वाटली ती या क्षणाची. झुंड आणि गणवेश एका बाजूला उभे होते. इटलीतल्या १९२१ सालच्या गावांत हेच घडत होतं.

मग हा फॅसिझम होता का? नाही. का नाही, ते नीट पाहू. त्याच दिवशी मुलींना जामीन मिळाला. वर्तमानपत्रांनी झोडपलं. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. मुलींवरचा खटला पुढे उभा राहिला नाही. आणि या अटकेने अस्वस्थ होऊन एक तरुणी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. दार होतं, ठोठावलं, उघडलं. मात्तेओत्तीच्या बायकोला इटलीत असं दार सापडलं नाही.

आमच्या पिढीने दारं बंद होताना पाहिली आहेत. १९७५ साली आम्ही पंचविशीत होतो. त्या काळात 'फॅसिस्ट' हा शब्द दोन्हीकडून फेकला जाई. जयप्रकाशांच्या बाजूचे इंदिरा गांधींना फॅसिस्ट म्हणत, आणि इंदिरा काँग्रेस व कम्युनिस्ट पक्ष जयप्रकाशांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत. जॉर्ज ऑर्वेलने १९४४ सालीच तक्रार केली होती की हा शब्द इतक्यांना लावला गेलाय की त्यात अर्थच उरला नाही. कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी हा शब्दखेळ केला नाही. मंत्री असलेले यशवंतराव स्वागताध्यक्ष असताना त्यांनी लेखनाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सरळ मांडला, आणि पुढे तुरुंगात गेल्या. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांसाठी दार लावून घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट'च्या बाजूने सेन्सॉरचे हुकूम रद्द करून एक फट उघडी ठेवली होती. आणि १९७७ च्या मार्चमध्ये सत्ताधारी निवडणूक हरून घरी गेले. ती हुकूमशाही होती, आम्ही तिला दुसरं नाव देणार नाही. पण फॅसिझम निवडणूक हरून घरी जात नाही. इटलीत त्याला जायला महायुद्ध लागलं.

तर आजची उधारी अशी फिटते. शब्दांचं सोवळं त्रासदायक असतं, कधी हास्यास्पद असतं, त्याच्याशी भांडावं. सोवळं पाळणाऱ्याने दंडुका घेतला तर पोलिसांत जावं. पण रुसलेल्या मुलीला, टोकणाऱ्या सहकाऱ्याला, टीकाकाराला फॅसिस्ट म्हणू नये. ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे म्हणून तर नकोच, पण त्याहून आमच्या स्वार्थासाठी नको. लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या पोराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खरोखर झुंड आणि गणवेश हातात हात घालून गल्लीत येतील, त्या दिवशी ओरडायला आपल्याजवळ एक शब्द शिल्लक असायला हवा, आणि शेजाऱ्याने तो ऐकून खिडकी उघडायला हवी.

त्या मुलीला आम्ही पुन्हा कधी भेटलो नाही. ती म्हण मात्र त्या दिवसापासून वापरली नाही. ती नसल्याने आमचं तर्कशास्त्र कुठे अडलं, असंही झालं नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.